खारं पाणी

लिलावाच्या कागदावर छापलं होतं:
जॅग्वार, सन एकोणीसशे अठ्ठावन्न,
सहा सिलिंडर, दोन दारं, रंग काळपट हिरवा,
सर्व भाग मूळचे.

मूळचे.
झंवरांच्या बंद जिनिंगच्या आवारात
तिसऱ्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर
मी तो शब्द पुन्हा वाचला.
मला बँकेनंच बोलावलेलं,
वैजनाथ पांचाळाची पोरगी ना तुम्ही?
लेथ चालूय ना अजून?
गाडी तेवढी सुरू करून द्या, दोन हजार घ्या.

दिली सुरू करून.
चोक दोन बोटं ओढायचा, थांबायचं,
पेट्रोलचा वास आला की मगच बटण.
हे मला बापानं शिकवलं नाही.
तो बोनेटखाली वाकलेला असायचा
आणि मी दहा वर्षांची, हातात दिवा.
दिवा धरणाऱ्याला सगळं दिसतं.

जालन्यात तिला कुणी जॅग्वार म्हणलं नाही.
नाकावरचं ते उडी घेतलेलं जनावर बघून
कादराबादच्या पोरांनी नाव ठेवलं, बिबटी.
बिबटी आली की टांगेवाले घोड्याचे कान झाकत.

एकदा झंवरशेठ बापाला शेजारी बसवून
पहाटे औरंगाबाद रोडला घेऊन गेले,
आवाज ऐक म्हणले, कुठं खडखडतंय सांग.
बदनापूरच्या पुढं काटा नव्वदवर.
बाप घरी येऊन म्हणला, लई काही नाही,
आपल्या एस.टी.पेक्षा थोडी जास्त.
मैलांचा काटा होता हे त्याला
चार दिवसांनी कळलं.
त्या रात्री तो जेवताना
मधेच थांबून थांबून हसत होता.

मग पंप गेला.
इथलं पाणी खारं, विलायती बीड त्यानं खाल्लं,
आतली पाती वाळवीच्या लाकडासारखी.
नवा मागवायचा तर परवाना, बोट, आठ महिने.
बापानं तेलघाण्याच्या जुन्या बुशा वितळवल्या,
कुंडलिकेच्या वाळूत साचा केला,
पहिला पंप फुटला, दुसरा वाकडा निघाला,
तिसऱ्यावर छिन्नीनं बारीक कोरलं:
वै.

पुण्याचा पारखी हातमोजे घालून आला.
चेसिसचा नंबर जुळला, इंजिनाचा जुळला,
मान डोलवत तो टॉर्च खाली नेत गेला
आणि थांबला.
हे काय आहे?
बँकेचा साहेब माझ्याकडं बघायला लागला.
गप्प बसता आलं असतं.
कंपनीची खूण असेल म्हणलं असतं तर
कुणाला काय कळणार होतं.
मी म्हणलं, माझ्या बापाचं अक्षर आहे.

कागदावर पेनानं एक ओळ खोडली.
बोली सहा लाखांनी खाली सुरू झाली.
मागून कुणीतरी म्हणलं, बाईला काय गरज होती.
तरी गेली, एक कोटी चारला,
फोनवरच्या माणसाला. त्यानं गाडी पाहिलीही नाही.

त्याची माणसं संध्याकाळीच कंटेनर घेऊन आली.
मूळचा पंप लंडनहून येतोय, म्हणले,
हा आत्ताच काढून टाका.
चार बोल्ट. पन्नास वर्षांत एकही झिजला नव्हता.
काढला, आणि त्यांनी तो मलाच दिला,
भंगारात दोन पैसे येतील मावशी.

पंपाशिवाय ती सुरू करता येईना.
सकाळी स्वतःच्या पायानं बाहेर आलेली बिबटी
सहा जणांनी ढकलत फळीवर चढवली,
स्टिअरिंगला कुणी नाही,
मीच पळत जाऊन काचेतून हात घालून
चाक सरळ धरलं.

दुकानात आले तेव्हा अंधार पडलेला,
स्टीलच्या कारखान्यांकडं आभाळ तांबडं.
पंप वजनाला पावणेदोन किलो.
गनमेटलचा आजचा भाव मला पाठ आहे.
बाकावर ठेवताना तो कलंडला
आणि आतून वाटीभर पाणी सांडलं.
एक बोट बुडवून जिभेला लावलं.

खारंच.

बाहेर मळणीयंत्राचा शाफ्ट घेऊन
भोकरदनचा एक पोरगा कधीचा उभा होता.
मी पुसलं ते पाणी, आणि मोटर लावली.