पाठकोरं

उत्तरायण सरलं की आठवडाभर
बापू गच्चीवर वाकून सद्दी गोळा करायचे.
मांजा नाही. मांजा बोटं कापतो, आणि पानंही.
साधी पांढरी सद्दी, अँटेनात गुंतलेली,
टाकीच्या नळाला वेढे घालून बसलेली.
गुंता सुटेपर्यंत रात्रीच्या बातम्या संपायच्या.

मग मैद्याची खळ, चिमूटभर मोरचूद घालून
(आई म्हणायची, माझं पातेलं बाटवलं),
दाभण, मेणाचा तुकडा,
आणि वर्षभर गादीखाली दाबून ठेवलेले कागद :
विजेची बिलं, शिकवण्यांची जाहिरातपत्रं,
माझी गणिताची उत्तरपत्रिका, शंभरात एकोणतीस,
जिची मागची बाजू
त्यांच्या मते अगदी निर्दोष होती.

दांडिया बाजारातली आमची गल्ली म्हणजे सात घरं.
सात वह्या.
पाठीला युनूसभाईंच्या दुकानातल्या चिंध्या,
कुणाच्या शेरवानीची जर, कुणाच्या शाळेचा खाकी.
हातात देत नसत. दाराच्या कडीला पिशवी अडकवायची
आणि दूधवाल्यासारखं निघून यायचं.

त्या वह्यांत कुणी काही लिहिल्याचं मला आठवत नाही.
रजनीभाईंनी पानं फाडून जिऱ्याच्या पुड्या बांधल्या.
शिर्केकाकू तिच्यावर गरम तवा ठेवायच्या.
आणि हसुमतीबेनकडे मी चाळणी परत द्यायला गेले
तर वही कपाटाच्या पायाखाली.
नवरा सुतार, आणि घरातलं कपाट डुगडुगतं.

मी रडकुंडीला येऊन घरी सांगितलं.
बापूंनी चष्मा घेतला, फूटपट्टी घेतली,
चपला न घालताच समोर गेले,
गुडघ्यांवर बसून कपाटाखाली डोकावले
आणि म्हणाले, बेन, आठ पानं कमी पडतायत.

पुढच्या वर्षी तिची वही बरोबर आठ पानांनी जाड होती.
कपाट गप्प झालं.
गिरधरभाई महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत.

तेव्हापासून बापू लोकांच्या घरी
चहाकडे कमी, जमिनीकडे जास्त बघू लागले.
शिर्केकाकूंची खिडकी पावसात आपटायची,
तिला पाचरीसारखी निमुळती वही.
युनूसभाईंच्या मशीनचा डावा पाय,
त्याला चौकोनी, तळहाताएवढी.
एकही वही दुसरीसारखी नाही.

पण प्रत्येकीच्या प्रत्येक कोऱ्या पानावर
पेन्सिलीने रेघा आखायचे. समास सोडून.
मी विचारलं, पायाखाली जाणाऱ्या वहीला
रेघा कशाला?
दोरा दातात होता. तो काढून म्हणाले,
वही आहे ना ती.

हसुमतीबेन मुलाकडे वाघोडिया रोडला गेल्या
तेव्हा कपाट टेम्पोत चढलं.
वही त्यांनी ओल्या फडक्याने पुसून पाठवली,
सोबत वाटीभर सुखडी,
आणि निरोप, तिकडे फरशी सपाट आहे.

बापूंच्या हातात तोवर दाभण राहत नव्हतं.
वही उलटीपालटी केली,
पुठ्ठ्यावर पायाचा चौकोनी खळगा पडला होता,
तेवीस वर्षांचा.
त्यात अंगठा ठेवून बराच वेळ बसले,
ताप बघतात तसे.
मग मला दिली. म्हणाले, रेघा अजून दिसतायत.

दिसतायत. फिकट, पण सरळ.
हे त्याच वहीत लिहिते आहे.
पानापलीकडे कुणाचं तरी वीजबिल आहे,
भरायची शेवटची तारीख केव्हाच उलटलेली.
खळगा पानापानांतून आत उतरलाय,
आणि दर ओळीत एका ठिकाणी
पेन जरासं खाली जातं,
अक्षर बसतं,
पुढे निघतं.