बॉडी अर्थ

अंबय्या कुरापाटीची ओम्नी,
कडक भाकरी, शेंगाचटणी, पूर्व भागात गल्लोगल्ली.
छतावर कर्णा, मागच्या सीटखाली अॅम्प्लिफायर,
आणि कर्ण्यातून त्याच्या बायकोचा आवाज,
म्हणजे यायला हवा होता.
येत होती ती नुसती घूं.
रेस दिली की चढायची,
सिग्नलला थांबलं की खाली बसायची.

"तिघांना दाखवली ओ," तो म्हणाला,
"एकानं कर्णा बदलला, एकानं वायर,
तिसरा म्हणतो मशीन गेलं, नवं घ्या."
मी म्हटलं, आधी अर्थ बघू.
इरेश हसला.
दहावीच्या मराठीत 'अर्थ सांगा'पाशीच
तो दोनदा अडकला होता.

अक्कलकोट रोड, मे महिना, दुपारचे दोन.
पत्र्याला हात लावून काढला
तर कातडं तिथंच राहील असं ऊन.
सीट उचलली.
काळी वायर कुणीतरी सीटबेल्टच्या बोल्टला आवळलेली,
खाली रंग, रंगाखाली लांबी,
लांबीखाली कुठल्याशा जुन्या ठोकरीचा गंज.
"घट्ट आहे की," अंबय्या ओढून बघत म्हणाला.
घट्ट होतंच.
लागलेलं नव्हतं.

मीटर ओमवर. टोकं आधी एकमेकांना टेकवली,
मीटरचा स्वतःचा अडथळा किती, तो आधी वजा करायचा.
हे कळायला मला सात वर्षं लागली
आणि बरीच गिऱ्हाइकं.
आकडा थारा धरेना. चार, अकरा, दोन, परत सात.

मग हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेलो.
पातळ पत्रा डबडब बोलतो, तो सोडायचा.
जिथं खालून पट्टी वेल्ड केलीय,
जिथं आवाज भरल्या रांजणासारखा येतो,
तिथं खडूची फुली.
इरेश गाडीखाली गेला.
"पेट्रोलचा पाइप वीतभर लांब आहे, मारा!"
बॅटरीची निगेटिव्ह काढली, भोक पाडलं,
सँडपेपर लावला.
पांढरा गेला, त्याखाली पिवळा निघाला,
म्हणजे ही कधीतरी शाळेची गाडी होती,
पिवळ्याखाली राखाडी,
आणि मग रुपयाएवढं उघडं लोखंड,
राखेनं घासलेल्या तव्याच्या कडेसारखं.
दातेरी वायसर, थिंबल, नट.
वायर दीड फुटाच्या आत,
लाल जेवढी जाड तेवढीच काळी.
वरून ग्रीसचं बोट, गंज लागू नये म्हणून.

मीटर म्हणाला, पॉइंट एक.
अंबय्यानं हात जोडले.
थांबा म्हटलं,
झोपलेल्या वायरीला कुणीही पास करतं.
गाडी चालू. आवाज पूर्ण. मीटर व्होल्टवर.
एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं नव्या बोल्टवर.
पॉइंट शून्य सहा.
इरेशनं रेस दिली.
पॉइंट शून्य सात.
बास.

आणि कर्ण्यातून भूदेवी:
"कडक भाकरी घ्या, शेंगाचटणी घ्या,
ज्वारीची, बाजरीची, महिनाभर टिकणारी..."
स्वच्छ. जरा घाईत. 'टिकणारी'वर श्वास तुटलेला.
मागं लांब कुणाचा तरी माग चाललाय, खटखट खटखट.
आणि अगदी शेवटी, रेकॉर्डिंग बंद व्हायच्या आत,
हळूच, नवऱ्याला, तेलुगूत:
"अयिंदा?"
झालं का, असं.
साखर पेठेत वाढलोय, एवढं कळतं.
मग अर्धं हसू, आणि तुटलं.

अंबय्या कर्ण्याकडे बघत उभा.
दोन वर्षं रोज दिवसभर
ती त्या घूंच्या खालून विचारत होती,
आणि तो पुढं बसून गिअर टाकत होता.
"शेवटचं ते कापून देऊ का?" मी विचारलं.
त्यानं फक्त मान हलवली. नको.
पैसे मोजले, वर भाकरीचा एक पुडा ठेवला,
घरी जाऊन आता तिला काय सांगणार कोण जाणे.

गाडी वळेपर्यंत ऐकू येत होतं,
घ्या, घ्या, टिकणारी,
आणि मग, वळणावर, ते.
इरेश मीटरच्या वायरी गुंडाळत होता.
रस्त्याकडे न बघताच म्हणाला,
"अयिंदि."