मागे बसणारी

वकील म्हणाले, तुम्ही काय पाहिलंत तेवढंच सांगा.
मी म्हणाले, शर्ट.
निळ्या चौकटींचा, खांद्यापाशी शिवण उसवलेला.
घरी गेल्यावर दोन टाके घालायचे, असं मनात चाललं होतं.
कोर्टात कुणीतरी हसलं.
पण मागे बसणारीला रस्ता नसतो, साहेब,
पाठ असते.

शिये फाट्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली उभी होती,
मागे दिवा नाही, तांबडं फडकंसुद्धा नाही,
हे मला पंचनाम्यातून कळलं,
दुसऱ्या कुणाची गोष्ट वाचावी तसं.
मी एका बाजूला पाय सोडून बसलेली,
मांडीवर आहेरात आलेला स्टीलचा डबा.
हेल्मेट एकच होतं.
ते चालवणाऱ्याचं असतं.

भरतेशच्या कोपराला खरचटलं.
आठ दिवसांत खपली धरली, पंधराव्या दिवशी पडली.
माझ्या डाव्या मांडीत सळई आणि नऊ स्क्रू,
आणि सीपीआरच्या खाटेवर अकरा दिवस
नाव विचारलं की मी माहेरचं सांगायची.

नऊ वर्षं झाली.
लोक विचारतात, आता बरी आहेस ना?
'आता' कधी सुरू होतं ते मला अजून समजलेलं नाही.

पाय पाऊण इंचानं आखूड.
चप्पल लाईनीतला यल्लाप्पा
डाव्या तळाला चामड्याचे तीन थर जादा शिवतो.
पहिल्या वेळी मी लाजतच विचारलं,
जोड सारखा दिसेल ना?
दाभण न थांबवता म्हणाला,
"वहिनी, सारखा दिसाय न्हवं,
सारखं चालाय करतोय."

डोकं आपटलं तेव्हा वास गेला.
डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित.
त्या कदाचितवर दोन वर्षं काढली,
मग गॅसचं बटण तीन-तीनदा बघायची सवय लागली.
चटणीचा मसाला भाजते:
ठसका येतो, डोळ्यांना पाणी येतं,
वास येत नाही.
गुऱ्हाळं सुरू झाली हेही मला
नाकानं नाही, मांडीनं कळतं.
लेक नंतरची.
तिच्या टाळूचा वास मी सासूबाईंना विचारून घेतला.
त्या बराच वेळ हुंगत राहिल्या,
मग म्हणाल्या, दुधाचा गं,
आणि थोडासा धुरीचा.

प्रमाणपत्रावर अडतीस टक्के लिहिलंय.
त्यात जिने आहेत, मांडी घालून जेवणं आहे,
दुकानात साडी दाखवायला खाली बसणं आहे.
वासाला रकाना नव्हता.

भरतेश त्या रात्रीबद्दल बोलत नाही.
तो शर्ट कुठं गेला, मी विचारलं नाही.
कुणाच्याही घरी गेलो की न सांगता
माझ्यासाठी खुर्ची पुढं सरकवतो,
आणि मला नेमका त्याचाच राग येतो.
एकदा म्हणाला, मला लागायला हवं होतं.
मी म्हणाले, मग पिशव्या कोण उचललं असतं?
दोघंही हसलो,
आणि ते तिथंच राहिलं.

त्याच्या मागे मी पुन्हा बसले नाही.
बाजाराला के.एम.टी.नं जाते,
शेवटच्या सीटवर, पाय लांब करता येतो म्हणून.
तो मोटारसायकलवरून बसच्या मागं मागं येतो,
फुलेवाडीपासून गंगावेशीपर्यंत,
पिशवी हँडलला, आणि रिकाम्या सीटवर
दोरीनं बांधलेलं दुसरं हेल्मेट,
ज्याच्या आतला कागद अजून तसाच आहे.

मागच्या काचेतून तो दिसतो.
कपाळाला आठी, ओठ हलत असलेले,
काहीतरी मोजत असल्यासारखा,
दोन्ही ब्रेकांवर बोटं.
इतकी वर्षं मागे बसले,
गाडी चालवताना त्याचा चेहरा असा असतो
हे मला माहीतच नव्हतं.

सिग्नलला बस थांबते.
तो बरंच अंतर ठेवून थांबतो
आणि पाय टेकतो.
डावा.