पहिली अडीच सेकंदं

शिरगोपीकर बाईंच्या कॅसेटवर
एकाही गाण्याला सुरुवात नव्हती.

ओसाकात, सत्त्याऐंशी साली, भाड्याच्या खोलीत
टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर मांडून त्या बसायच्या.
मालिकेचा भाग संपत आलेला,
पण शेवटचं गाणं नेमकं कुठून उगवेल
ते कुणी सांगत नसे.
निरोप घेणारा माणूस अजून बोलतच असतो,
नूडल्सच्या दुकानाबाहेर, छत्री मिटत,
आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत
खालून पियानो येतो.
बाई लाल बटण दाबेपर्यंत
अडीच सेकंदं गेलेली.

कर्वेनगरात, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत
आम्ही सात जण जपानी शिकायचो.
तिघं चाकणच्या कारखान्यातले,
एक निवृत्त पोस्टमास्तर गुंजीकर,
ज्यांना हे का शिकायचंय ते कुणालाच कळलं नाही,
आणि मी, बी. कॉम.ला दुसऱ्यांदा बसलेली.
सव्वासहाला खालची घरघर थांबायची.
वहीवर पिठाचा पातळ थर.
मग बाई कॅसेट लावायच्या.

"क्रियापदाकडे कान ठेवा. ते शेवटी येतं,
आपल्यासारखंच.
वाक्य संपेपर्यंत कळत नाही
माणूस गेला, की गेला नाही."

टेपवर गाण्याखाली किटलीची शिट्टी होती,
एकदा चमचा पडल्याचा आवाज,
आणि तिसऱ्या गाण्यात बाईंची स्वतःची शिंक.
ती आम्हा सगळ्यांना पाठ.
गुंजीकर तर त्या जागेला आधीच रुमाल काढत.

दर दोन गाण्यांआड एक शब्द यायचा: सेत्सुनाइ.
मराठीत काय म्हणायचं?
गुंजीकर म्हणाले, हुरहूर.
बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या थोडा वेळ.
"जवळ आलात. पण हुरहूर कुणाची तरी वाट बघते.
हा शब्द वाट बघत नाही."
वहीत मी त्याच्यासमोर जागा सोडली.
ती जागा अजून तशीच आहे.

गाणं संपलं की एक बाई घाईघाईत सांगायची,
पुढच्या आठवड्यात काय होणार ते.
शेवटच्या भागाच्या गाण्यानंतर मात्र
नुसती खरखर,
आणि खट्.

आता मी अशाच मालिकांना मराठी सबटायटल लिहिते.
मिनिटाच्या हिशेबाने पैसे मिळतात.
कंपनीचा नियम आहे: शेवटचं गाणं सोडावं,
तिथे प्रेक्षक उठतो.
मी सोडते. आणि रात्री, जेवणाची भांडी विसळून झाली की,
स्वतःपुरतं लिहून काढते.
एकशे चौदा गाणी झाली.
कुणी मागितलेली नाहीत.

त्यातलंच एक परवा मोबाइलवर सापडलं,
बाईंच्या शिंकेचं गाणं, अख्खं.
नळस्टॉपच्या सिग्नलला कानात लावलं.
सुरुवातीला, पहिल्या शब्दाच्या आधी,
गाणारी फक्त श्वास आत घेते.
एवढंच हुकलं होतं इतकी वर्षं.
खरं सांगायचं तर मला ते जास्तीचंच वाटलं.
आणि शिंकेची जागा आली तेव्हा
तिथे कुणीच नव्हतं.
मागून हॉर्न वाजले.

बाई हुबळीला बहिणीकडे राहायला गेल्या
त्या सकाळी मी खोकी उचलायला गेले होते.
गिरणी चालू. दोघींना ओरडूनच बोलावं लागत होतं.
कॅसेट त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून
माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या,
"हे बघ, तू पुढेमागे तिकडे माझ्याकडे"

आणि टेम्पो मागे येऊ लागला.
रिव्हर्सचा तो भोंगा,
कुठल्याशा आरतीची किरटी, बेसूर धून,
बाईंचे ओठ हलताहेत,
खालून धून येतेय, येतच राहिलीय.

क्रियापद मला ऐकू आलं नाही.

"काय?" असं विचारायला मी श्वास घेतला तोवर
ड्रायव्हरने काचेतून मान बाहेर काढली होती:
ओ ताई, बाजूला व्हा.