अकरा मिनिटं चाळीस सेकंद

लोथार कुबियाकवर लिहायचं तर आधी हे लिहितो
की तो वेळेवर कधीच आला नाही.
बावीस वर्षं मी त्याची गाडी चालवली,
जुनी हानोमाग, मागून गळकी,
हीटर फक्त चालवणाऱ्याच्या पायाशी.
गिटार पुढे बसायची, माझ्या शेजारी, ब्लँकेटात.
तो मागे, केबलींच्या वेटोळ्यांवर झोपून.

हेर्नेला त्यांच्याकडे कपडे बाहेर वाळत घालत नसत,
कोळसा बसे.
बाप, ऑगुस्ट, जमिनीखाली नऊशे मीटर.
वर आला की आधी काळं थुंकायचा,
मग शिडी चढून माळ्यावर, कबुतरांकडे.
रविवारी शर्यत. अंगणात स्टूल,
हातात शिक्का मारणारं घड्याळ,
आणि अख्खी गल्ली चिडीचूप.
पोरांनी शिंकायचंसुद्धा नाही.
पाखरू बिचकलं तर छपरावरच बसून राहतं
आणि छपरावर आलेलं
घरी आलेलं धरत नाहीत.

मी त्याला पहिल्यांदा ऐकला तो बंकरमध्ये.
लढाईतला, तीन मीटर जाड भिंती,
भाडं महिना चाळीस मार्क,
ओल इतकी की तारा आठवड्यात गंजायच्या.
ॲम्प्लिफायर म्हणजे मावशीचा रेडिओ, पोट फाडलेला.
काचेवर अजून गावांची नावं उजळायची,
हिल्फरझुम, बेरोम्युन्स्टर,
आणि आवाज वाढवला की खरखर,
खाणीत उतरणाऱ्या माणसाच्या छातीतली.
तो रेडिओसमोर जाऊन उभा राहिला, अगदी जवळ.
तारेला हात न लावता सूर सुटला,
स्पीकरमधून तारेत, तारेतून स्पीकरमध्ये,
घुमत राहिला, घुमत राहिला
खुराडं सापडल्यासारखा.
मला गिटारमधलं काही कळत नाही.
मी फक्त विचारायला गेलो होतो, गाडी कुठे लावू.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, किंवा कुणालाच नाही.
बँडचं नाव 'नववी पातळी', बापाच्या खाणीतली.
सहा तबकड्या.
आरहूसला मासे फेकले, खेंटला फुलं.
ब्रेमेनच्या टीव्हीवर चार मिनिटं,
त्यातली तीन कॅमेरा ड्रमवाल्याच्या केसांवर.

म्हातारा एकदाच आला, डॉर्टमुंडला.
शेवटच्या रांगेत, कानात कापूस, टोपी मांडीवर.
लोथार त्या रात्री एकटाच वाजवत सुटला,
बाकीचे तिघं वाद्यं ठेवून सिगरेट ओढून आले.
नंतर गाडीपाशी म्हाताऱ्यानं कोटातून ते घड्याळ काढलं.
"अकरा मिनिटं चाळीस सेकंद," म्हणाला,
"एवढ्यात माझी निळी रेक्लिंगहाउझेनहून घरी येते.
तू कुठं पोचलास?"
लोथार हसला नाही.
हसलो मी. अजून लाज वाटते.

मग कीबोर्ड आले. नव्या गायकाला छोटी गाणी हवी होती.
त्याला वगळून केलेलं पहिलं गाणं
आम्ही पेट्रोलपंपावर ऐकलं, चाकात हवा भरताना.
"चौथी तार जराशी उतरलीय," तो म्हणाला,
आणि हवेचा दाब पुन्हा तपासला.

खाणी मिटल्या. ऑगुस्ट छातीनं गेला.
बँडमधले दोघं गेले, एकाला मी अजून पोस्टकार्ड टाकतो.
लोथारच्या उजव्या कानात एक शिट्टी राहिली,
दिवसरात्र, झोपेतही.
ही आता जायची नाही, असं डॉक्टरीणबाई बोलल्या.
तो म्हणाला, सुरात आहे ना, मग राहू दे.

मंगळवारी तो पोरांना शिकवतो, पालिकेच्या संगीतशाळेत,
बोटं दुखतात म्हणून रडणाऱ्यांना आधी.
बाकीचे दिवस कबुतरं.
गेल्या रविवारी गेलो होतो.
तेच अंगण, स्टूल बदललेलं,
घड्याळ तेच, गुडघ्यावर.
एक पाखरू आलं, छपराच्या कडेला बसलं,
आत जाईना.
मी हळूच विचारलं, "वाजवतोस का रे अजून?"
त्यानं वर बघत बोट ओठांवर ठेवलं.
काटा चालला होता.
मला शिंक येत होती.