ठसा क्रमांक सत्तावीस

पलीकडच्या काठावरूनच यायचा तो,
सिनसिनाटीच्या ओतशाळेतून, भुशात गुंडाळून.
नमुनावहीत आगबोटीच्या खाली, कोंबड्याच्या वर:
पळणारा माणूस,
खांद्यावर काठी, काठीला गाठोडं.
किंमत तीस सेंट.
ज्या काठावर कुणी गुलाम ठेवत नव्हतं
तो काठ आम्हाला एवढं पुरवायचा.

मी जुळारी.
दिवसा खिळे जुळवायचे, रात्री मोडून खणांत टाकायचे.
बाहेर त्या साली काहीच जुळत नव्हतं.
चर्चमधल्या मधल्या वाटेच्या अलीकडे एक प्रार्थना, पलीकडे दुसरी.
वॉड्रप भावांची विहीर एकच राहिली,
पोहरे दोन झाले.
आणि आमचे मालक प्रूइट
अग्रलेखात ‘मालमत्ता’ इतक्यांदा लिहायचे
की त्या अक्षरांचे खिळे संपत,
मी औषधांच्या जाहिरातींतून उसने आणायचो.

शाईचा रूळ एनोक फिरवायचा.
विधवा टॅलीबाईंचा माणूस, आमच्याकडे सालाच्या भाड्यानं.
भाडं बाईंना जायचं.
त्याला कुणी अक्षर शिकवलं नाही.
खिळ्यांवरून शिकला, म्हणजे उलटा शिकला.
छापील पान पुढे केलं की अडखळायचा,
चौकटीतला मजकूर मात्र
उजवीकडून डावीकडे, घडाघडा.

आठवड्यातून तीनचारदा
तो त्या पळणाऱ्याला शाई लावायचा.
एकदा म्हणाला,
‘शिशात हा डावीकडे पळतो, कागदावर उजवीकडे.
मग खरा गेला कुठे?’
मी हसलो.
तेव्हा अजून हसता येत होतं.

जानेवारीतल्या एका सोमवारी
रूळ धुऊन खुंटीला टांगलेला होता.
इतका स्वच्छ तो कधीच नसायचा.

दुपारी टॅलीबाईंची चिठ्ठी आली, मजकूर माझ्यापुढे आला.
सत्तावीसचा खण उघडला तर रिकामा,
तळाशी फक्त शाईचा चौकोन.
मालक म्हणाले, चित्राशिवाय जाऊ दे.

‘पळाला आहे. वय तिशीच्या आत.
बोटं काळी, धुऊन न जाणारी.
डाव्या भुवईवर व्रण.’

तो व्रण माझा.
यंत्राचा दांडा माझ्याच हातून सुटला होता.
त्यानं भुवईवर चिंधी दाबली, दुसऱ्या हातानं रूळ धरला,
आणि अंक वेळेवर निघाला.

मी ‘उजव्या’ जुळवलं.
कुणी विचारलंच असतं तर म्हणालो असतो,
खिळ्यांत सगळं उलटंच दिसतं साहेब, होतं असं.
कुणी विचारलं नाही.
धाडस वगैरे म्हणू नका.
बक्षिसाचा आकडा मी नीट जुळवला होता,
दोनशे डॉलर,
ठळक.

मार्चअखेर मालकांनी माळ्यावरचे लाकडी खिळे उतरवले,
वीतभर उंचीचे,
सर्कस आली होती त्यानंतर कुणी हात न लावलेले.
‘पुसून ठेव,’ म्हणाले, ‘लागतील.’
कशासाठी ते सांगितलं नाही.

मी दिवा ओढून पुसत बसलो,
एकेक अक्षर,
उलटं.