आवाज बंद करून

दर मंगळवारी चारला आम्ही चौघं भेटतो.
भेटतो म्हणजे चार चौकटी उजळतात, एवढंच.
मोराग ऑर्कनीत, तिच्या मागून कुत्र्याची शेपटी जाते-येते.
तेउता श्कोडरला. तिच्या पडद्यावर इस्त्रीचा डाग आहे,
तो मला तिच्या डोळ्यांच्या रंगापेक्षा नीट आठवतो.
वेकेसा काकामेगाचा, त्याच्या भिंतीवर अजून ऊन असतं.
आणि मी लिएपायात, समुद्राच्या कडेला,
जिथे डिसेंबरात चारलाच दिवे लागतात.

फेरीबोटींची वेळापत्रकं जुळवतो आम्ही.
कुठल्या धक्क्यावरून कुठली बोट किती वाजता सुटते
ते चौघांनाही तोंडपाठ.
कोण उंच, कोण बुटकं, ते मात्र ठाऊक नाही.
खांद्यांच्या खाली आम्ही एकमेकांना पाहिलेलंच नाही.

वरून फर्मान आलं : जवळीक वाढवा.
मोरागनं मग खेळ काढला, तिलाही तो पटला नव्हता :
दोन गोष्टी खऱ्या सांगा, एक खोटी.
तेउता म्हणाली, लहानपणी मी तळ्यात बुडता बुडता वाचले.
आम्ही तिघं एका सुरात : खोटं!
ते खरं होतं.
मग पुढे काय विचारायचं ते कुणाला सुचेना.
मोराग म्हणाली, चला, सकाळच्या बोटीचं बघू,
आणि आम्ही सगळे सुटलो.

पुढच्याच मंगळवारी
बैठक संपली, मोराग गेली, तेउता गेली.
वेकेसाची चौकट काळी झाली,
पण त्याचा माइक चालूच.
मी निघणारच होतो. खरंच. हात माउसवर होता.
मुलीशी तो इंग्रजीतच बोलतो, शाळेच्या सरावासाठी,
म्हणून मला कळलं.

तो शेवटचा कोण, बाबा?
आइवार्स.
त्याच्याकडे सारखी रात्र का असते?
त्याच्या गावाला सूर्याजवळ जागा मिळाली नाही, मागे बसावं लागलं.
तो हसत नाही?
हसतो की. आवाज बंद करून हसतो.
खांदे हलतात, बघ कधी नीट.

मी चोरासारखा बाहेर पडलो.
बशीतली राई ब्रेड तशीच राहिली.
चार वर्षं मी हसण्याआधी न चुकता ते बटण दाबत आलो,
का, ते आठवेना.
वर झेंटाबाईंनी खुर्ची ओढली, रोज ओढतात तशी.
खिडकीच्या फटीतून वारा शीळ घालत होता.
हे सगळं मी त्या तिघांपासून झाकून ठेवलं होतं,
जणू घरात कुणी आजारी आहे.

वेकेसाला मी काहीच सांगितलं नाही.

पण त्यानंतरच्या मंगळवारी बटणाला हात लावला नाही.
किटलीचं झाकण थडथडलं, थडथडू दिलं.
खुर्ची ओढली गेली, मोराग म्हणाली, वर कोण राहतं?
मी झेंटाबाईंचं सांगितलं,
त्या रात्री अकराला फर्निचर हलवतात, तेही सांगितलं.
तेवढ्यात तिच्या कुत्र्यानं टेबलावरचा सँडविच उचलला
आणि मला हसू फुटलं.
न वापरलेल्या दारासारखं,
आधी करकर, मग एकदम उघडं.

चारही चौकटी क्षणभर गप्प.
वेकेसाच्या खुर्चीमागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं,
बाबा, आला आवाज.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे. मग खाली.
मीही खाली.

तेउता डागाच्या पडद्याशी बसून होती.
कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली,
तळ्याचं पाणी गार नव्हतं रे. तेच आठवतं मला.
कोमट होतं. वर यावंसंच वाटत नव्हतं.

सकाळच्या बोटीचं त्या दिवशी राहून गेलं.